दोन पावसाळ्यांचे सरपण : घणसोलीतील साठवणीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

आमचा महिला बचत गट घणसोली गावठाणात लग्नकार्यांसाठी आणि सणावारांसाठी तांदळाच्या भाकऱ्या करून देतो. गिऱ्हाईक चुलीवरचीच भाकरी मागते, त्यामुळे दोन चुली आणि त्यांना लागणारे लाकूड हा आमच्या धंद्याचा पाया आहे. आजवर जळण लागेल तसे वखारीतून येत असे. उन्हाळ्यात ते निभते. पावसाळ्यात मात्र वखारीतले लाकूडही ओलसर असते. धुराने डोळे चुरचुरतात, तवा एकसारखा तापत नाही आणि भाकरी फुगायची ती तव्याला धरते. नेमकी आषाढात, गटारीच्या आधी, मागणी सर्वांत जास्त असते आणि त्याच दिवसांत जळण सर्वांत वाईट असते. म्हणून दोन पावसाळे पुरेल एवढे लाकूड आताच घेऊन, वाळवून, रचून ठेवण्याचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

चार महिन्यांच्या पावसाळ्यात आम्हांला साधारण एक टन सुके लाकूड लागते. थोडी जास्तीची सोय धरून सव्वादोन टनांचा अंदाज केला आहे. जागा घरामागच्या अंगणात, पश्चिमेकडे उघडी अशी निवडली. पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर असल्यामुळे दुपारनंतर खाडीवरचा वारा सरळ या अंगणात येतो. घराच्या भिंतीपासून चार फूट अंतर सोडले आहे आणि विजेचा मीटर दुसऱ्या बाजूला आहे. गावठाणात घराला घर लागून असते; जळणाची रास भिंतीला टेकवून ठेवणे म्हणजे वाळवीला वाट आणि आगीला आमंत्रण.

२४ नोव्हेंबर २०२४

वखारीतून दोन टन बाभूळ घेतली, किलोला सात रुपये दराने. वखारीत लाकूड वजनावर विकले जाते, त्यामुळे ओल्या लाकडाबरोबर पाणीही त्याच भावाने घरी येते. हे पाणी किती, हे पाहण्यासाठी एका लाकडाच्या मधल्या भागातून छोटा तुकडा कापला. तो १६० ग्रॅम भरला. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवून, वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवल्यावर तो १०० ग्रॅम राहिला, म्हणजे सुक्या लाकडाच्या मानाने ओलावा ६० टक्के. त्या हिशेबाने हजार किलोमध्ये लाकूड ६२५ किलो आणि पाणी ३७५ किलो. ओलावा १४ टक्क्यांवर येईल तेव्हा हजार किलोचे सातशे बारा किलो उरतील आणि सात रुपयांचा भाव प्रत्यक्षात पावणेदहा रुपयांच्या वर जाईल. वखारवाल्याकडे ‘सुके’ म्हणून ठेवलेल्या राशीचा भाव नऊ रुपये होता. ती रास खरोखर सुकी असती तर तीच स्वस्त पडली असती, परंतु कुऱ्हाड मारल्यावर आतून ती तितकीच ओली निघाली.

ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे यंत्र चौदाशे रुपयांना घेतले आहे. ३० टक्क्यांच्या वर त्याचा आकडा भरवशाचा नसतो, म्हणून सुरुवातीचे काही महिने वजनावर विसंबणार आहे. वर तपासलेल्या ओंडक्याचाच ४.२० किलोचा एक तुकडा लाल रंग लावून नमुना म्हणून बाजूला काढला.

उरलेले लाकूड आंबा, रेन ट्री आणि गुलमोहर यांच्या फांद्यांचे आहे. जवळच्या सोसायटीने परवानगी घेऊन झाडांची छाटणी केली, तेव्हा त्या मिळाल्या. फक्त टेम्पोचे १,८०० रुपये पडले. शहरी भागात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून त्यांच्या परवानगीच्या पत्राची प्रत मागून घेऊन फाइलला लावली. खाडीकाठच्या तिवरांना हात लावलेला नाही. आजेसासूबाईंच्या काळी गावात सरपण तिवराचेच असे, परंतु आता खारफुटी संरक्षित आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच तिच्या तोडीवर बंदी घातली आहे. वाळून पडलेली फांदीसुद्धा आम्ही आणत नाही.

८ डिसेंबर २०२४

फोडणी चालू आहे. सगळी लाकडे दीड फूट लांबीची कापून घेतली. लाकडातले पाणी सालीतून फारसे जात नाही. ते कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून जाते. त्यामुळे मनगटाहून जाड असे काहीही अखंड ठेवायचे नाही, असा नियम केला. बाभूळ ओली असतानाच चांगली फुटते. रेन ट्रीच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात, तिथे कुऱ्हाड अडकून बसते. पाचर आणि घण यांखेरीज ते लाकूड हलले नाही आणि एका माणसाची मजुरी त्यातच गेली. पुढच्या वेळी रेन ट्रीच्या जाड फांद्या घेणार नाही.

वेचून बाजूला काढलेली लाकडे अशी : छाटणीत आलेल्या कण्हेरीच्या फांद्या, कारण कण्हेरीचा धूरही विषारी असतो, आणि शेजारच्या बांधकामावरून कोणी देऊ केलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या व प्लायचे तुकडे, कारण त्यांत तेल, डिंक आणि खिळे असतात. ज्या चुलीवर अन्न शिजते, तिच्यात या वस्तू जाता कामा नयेत.

२२ डिसेंबर २०२४

लाकूड ठेवायची कायमची मांडणी तयार होईपर्यंत ते जमिनीवर विटा अंथरून रचले होते आणि दव पडू नये म्हणून निळी ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढून बांधली होती. आज ती सोडली. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लटकत होते, वरचे थर हाताला गार आणि ओलसर लागत होते, आणि आंब्याच्या कापलेल्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती. बाहेरचे दव अडवण्याच्या नादात लाकडातून निघणारी वाफ आत कोंडली गेली. मोकळ्यावर पडलेला नमुन्याचा तुकडा एवढ्यात ३.८० किलोवर आला आहे. झाकलेल्या राशीतला तेवढाच तुकडा जेमतेम दोनशे ग्रॅमने उतरला.

ताडपत्री आता फक्त माथ्यावर आहे, चारही बाजू उघड्या. बुरशी धरलेली लाकडे उन्हात पसरली. बुरशी वरवरची होती, ती खराट्याने निघाली.

१२ जानेवारी २०२५

वाळवी. जांभ्याच्या चिऱ्यांवर रास उचलून ठेवली की पुरे, असे गावात सगळे सांगतात आणि आमच्या जुन्या गोठ्यातही तसेच होते. एका कोपऱ्यात चिऱ्यांवर थोडे लाकूड ठेवून पाहिले. चिऱ्याच्या सावलीतल्या बाजूने पेन्सिलीएवढी मातीची नळी वर चढली आणि थेट आंब्याच्या सालीत शिरली. नळी खराट्याने पाडली. ती पुन्हा उभी राहिली. चिरा वाळवीला अडवत नाही, फक्त तिची वाट लांबवतो.

नंतर स्वयंपाकघरातल्या कपाटाखाली ठेवतात तशा तेलाच्या वाट्या लोखंडी पायांखाली ठेवल्या. घरात ही युक्ती चालते. अंगणात पाचोळा आणि धूळ पडून वाटीवर पूल तयार होतो आणि पावसाळ्यात वाटी पाण्याने भरून तेल वाहून जाणार, हे उघड आहे. राखेचा पट्टा आखण्याचाही सल्ला मिळाला, परंतु पहिल्याच सरीत राख धुऊन जाते. औषध फवारण्याला मी ठाम नकार दिला : ज्या लाकडाचा धूर भाकरीला लागणार, त्यावर कीटकनाशक नको.

शेवटी ठरलेली रचना अशी. पाय लोखंडी पाइपाचे, जमिनीपासून पहिल्या आडव्या पट्टीपर्यंत दीड फूट मोकळे. प्रत्येक पायावर पट्टीच्या खाली पत्र्याची टोपी, जिच्या कडा चारही बाजूंनी दोन इंच बाहेर काढून खाली वाकवलेल्या आहेत. या टोपीने वाळवी मरत नाही. वर जायचे तर तिला टोपीच्या कडेवरून, उघड्यावरून नळी बांधावी लागते, आणि ती नळी आपल्याला दिसते. म्हणजे पाहणी टळत नाही, सोपी होते. आठवड्यातून एकदा विजेरी घेऊन सगळे पाय पाहायचे. खालची जागा मोकळी राहिल्यामुळे तिथे घोणस किंवा विंचू दडला असेल तर तोही दिसतो.

९ फेब्रुवारी २०२५

मांडणी उभी राहिली. बारा फूट लांब, चार-चार फुटांचे तीन खण, पाच फूट उंच. खोलीत लाकडाच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये चार इंचांची फट, म्हणजे आतल्या टोकांनाही वारा लागतो. छप्पर रंगीत पत्र्याचे, उतार पश्चिमेकडे आणि त्या बाजूला दोन फूट बाहेर काढलेले, कारण पाऊस तिकडून येतो आणि तिकडची वळचण खाली असलेली बरी. आठ पाय, प्रत्येकाखाली एक फुटी काँक्रीटचा चौरस. पाइप आणि वेल्डिंगचे १४,२०० रुपये, पत्र्यांचे ६,६०० रुपये, काँक्रीट आणि मजुरीचे ३,१०० रुपये.

रचताना प्रत्येक खणाच्या दोन्ही टोकांना लाकडे एक थर आडवी आणि एक थर उभी अशी चढवली, म्हणजे रास बाजूला ढासळत नाही आणि पाइपावर सगळा भार येत नाही. पहिल्या खणात आंबा, गुलमोहर आणि रेन ट्री. दुसऱ्या आणि तिसऱ्या खणांत बाभूळ. नमुन्याचा तुकडा ३.४० किलो.

९ मार्च २०२५

होळी चार दिवसांवर आली आहे. गावातली मुले होळीसाठी लाकूड गोळा करत फिरतात आणि उघड्यावरची रास त्यांना आयती वाटते. आम्ही आपणहून रेन ट्रीचे न फुटलेले ओंडके त्यांना दिले. राशीला कोणी हात लावला नाही.

२७ एप्रिल २०२५

नमुना २.९८ किलो, म्हणजे ओलावा साधारण साडेतेरा टक्के, आणि गेले दोन आठवडे वजन हललेले नाही. एप्रिलच्या हवेत यापेक्षा कोरडे होणे नाही. सासूबाई दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहतात. ओल्या लाकडाचा आवाज दबका, सुक्याचा टणटणीत. त्यांनी वेचून काढलेल्या लाकडांवर यंत्र लावले, तर त्यांचा निर्णय एकाही ठिकाणी चुकला नव्हता. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याने हीच परीक्षा करावी.

आता खरी अडचण पुढे आहे. ज्या पश्चिमेच्या तोंडाने लाकूड वाळले, त्याच तोंडाने जूनपासून झड आत येणार. लाकूड वाळवणे आणि वाळलेले लाकूड राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आमच्या किनाऱ्यावर एकाच मांडणीकडून ती दोन्ही करून घ्यायची तर तिचे एक अंग मोसमाप्रमाणे उघडता-मिटता आले पाहिजे. कोकणातल्या घरांच्या पडव्यांना पावसाळ्यात नारळाच्या झापांचे आडोसे बांधत, ते याच कारणासाठी. आधी झापच बांधून पाहण्याचा विचार होता, परंतु झाप कुजतो, त्यात किडे होतात आणि भिजल्यावर दिवसभर ठिबकत राहतो. म्हणून पत्र्याच्या तीन झडपा करायला दिल्या : वर आकड्यांवर टांगलेल्या, लाकडापासून चार इंच दूर, खाली एक फूट उघड्या. ५,२०० रुपये. वेल्डरने महिनाअखेरीचा वायदा केला आहे. मृगाला अजून अवकाश आहे.

८ मे २०२५

या आठवड्यात वळवाचा पाऊस आणि धुळीचे वादळ झाले. पत्रे टिकले. पश्चिमेच्या रांगेची टोके भिजली आणि दोन दिवसांच्या उन्हात पुन्हा वाळली. झडपा अद्याप आलेल्या नाहीत.

२८ मे २०२५

परवा, २६ मे रोजी, मान्सून मुंबईत दाखल झाल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. नेहमीची तारीख ११ जून; इतक्या लवकर तो याआधी आल्याची नोंद नाही. झडपा वेल्डरच्या दुकानातच होत्या. दोन दिवस झड सरळ पश्चिमेच्या तोंडावर आदळली आणि बाहेरच्या रांगेच्या टोकांवर यंत्र २४ दाखवू लागले. आतली रांग मात्र १४ वरच आहे. मधली चार इंचांची फट वाऱ्यासाठी ठेवली होती. तिने पाणीही अडवले.

आज झडपा बसल्या. भिजलेली रास घाईने उतरवायची नाही, असे ठरवले. वाळलेल्या लाकडावर वरून पडलेले पाणी लाकडाच्या मूळच्या पाण्यासारखे खोल मुरलेले नसते. वारा मिळाला तर ते लवकर निघते.

८ जून २०२५

पाऊस ओसरून मोठी उघडीप मिळाली. दिवसा झडपा काढून ठेवल्या, संध्याकाळी लावल्या. बाहेरची रांग १६ वर आली. झडप एका बाईला उचलता येईल इतकी हलकी असावी, हा आग्रह धरला होता, तो उपयोगी पडला.

१३ जुलै २०२५

गटारी जवळ आली आहे आणि चुली रोज पेटतात. राशीवर थेंबही पडलेला नाही, तरी नमुना ३.०६ किलोवर चढला आहे, म्हणजे साडेसोळा टक्के. यंत्र बिघडले असावे असे गटातल्या दोघींना वाटले, पण वजनकाटाही तेच सांगतो. हवेतच ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर लाकूड त्या हवेतून ओलावा घेते आणि हळूहळू अठरा टक्क्यांच्या घरात जाऊन थांबते. छप्पर पाऊस अडवते. हवेतला दमटपणा अडवणे त्याच्या हातात नाही. राशीला चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद करावे, अशी सूचना आली. डिसेंबरातली बुरशी आठवून ती मान्य केली नाही.

उपाय जुन्या घरांत होताच. चुलीच्या वरच्या उबेत जळणाचा माळा असे. आम्ही चुलींच्या वर, जमिनीपासून सहा फुटांवर, लोखंडी जाळीचा माळा टांगला आणि त्याखाली ठिणगी अडवायला पत्रा लावला. त्यावर आठवड्याचे जळण एकाच थरात ठेवतो. थरावर थर चढवायचे नाहीत आणि पातळ काटक्या तिथे ठेवायच्या नाहीत, कारण त्या लवकर पेट घेतात. बाहेर १७ टक्के असलेली बाभूळ तिथे आठवड्यात १२ वर येते. फरक तव्यावर दिसतो : जाळ पिवळा आणि शांत राहतो, तव्याच्या कडा मधल्या भागाइतक्याच तापतात, भाकरीला पाणी लावून उलटली की ती कडेपासून फुगत मध्यभागी येते आणि एका बाजूने काळी पडत नाही. माळ्याचा खर्च २,४०० रुपये. हा माळा आधी केला असता तरी चालले असते. साठवणीचे लाकूड आणि चुलीत घालायचे लाकूड यांत आठवड्याचे अंतर ठेवणे हीच या हवेतली निम्मी तयारी आहे.

२० ऑगस्ट २०२५

१८ आणि १९ तारखेला अतिवृष्टी झाली. अंगणात घोट्यापर्यंत पाणी होते. लाकूड दीड फूट उंच असल्यामुळे कोरडे राहिले, परंतु आज सकाळी तिसरा खण पश्चिमेकडे झुकलेला दिसला. पत्र्यावरच्या पागोळ्या पश्चिमेच्या पायांच्या रांगेपुढे पडत होत्या. त्यांनी महिनाभरात माती कोरून चर पाडला आणि टोकाच्या पायाखालचा काँक्रीटचा चौरस सुमारे एक इंच खचला. पाच फूट उंचीच्या राशीला एवढा कल पुरे होतो.

खण वरपासून अर्धा रिकामा केला, पाय जॅकने उचलला, चौरसाखाली खडी ठोकून भरली. वळचणीला पन्हळ लावून पाणी दूर सोडले. पन्हळ आणि खडी मिळून २,७०० रुपये आणि सगळ्या जणींचा भाकऱ्यांचा एक दिवस बुडाला. पन्हळ फेब्रुवारीतच छपराबरोबर लावायला हवी होती. वेगळी लावताना पत्र्याला पुन्हा भोके पाडावी लागतात.

७ सप्टेंबर २०२५

गणपती झाले. पहिल्या खणाच्या तळाशी पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला आणि आंब्याच्या लाकडावर टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे. हे भुंगे कोरड्या लाकडातच शिरतात, म्हणून चांगले वाळवण्याने त्यांच्यापासून सुटका होत नाही. आंबा दुसऱ्या पावसाळ्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. तो सगळा माळ्यावर नेऊन आधी जाळत आहोत. बाभळीत किडीची खूण फक्त साल राहिलेल्या लाकडांवर, सालीखालच्या फिकट थरात आहे. तांबूस गाभा शाबूत आहे. उरलेल्या बाभळीची साल काढण्याचे काम रोज थोडे थोडे चालू आहे. वाळलेली साल कोयत्याच्या टोकाने सहज सुटते आणि बंबात पाणी तापवायला चालते.

१२ ऑक्टोबर २०२५

पाऊस परतला. झडपा उतरवून, पुसून, भिंतीला उभ्या केल्या आहेत. ऑगस्टमध्ये ३.११ किलोपर्यंत चढलेला नमुना पुन्हा उतरू लागला आहे.

लाकूड सोडून एकूण खर्च सुमारे छत्तीस हजार झाला. फोडणीची मजुरी त्यात धरलेली नाही. हा खर्च एका मोसमात निघत नाही. मात्र यंदा आषाढात एकही मागणी जळणामुळे परत करावी लागली नाही आणि ‘सुक्या’ लाकडाला पावसाळ्यात वखारीत पडणारा वाढीव भाव आम्ही एकदाही दिला नाही.

पहिला खण पूर्ण रिकामा आहे, दुसऱ्यातले थोडे लाकूड गेले आहे, तिसरा भरलेला आहे. पुढच्या पावसाळ्यात आधी दुसरा खण जाईल, मग तिसरा. पहिल्या खणात नवे लाकूड पुढच्या महिन्यात भरू : फक्त बाभूळ आणि मिळाल्यास चिंच, साल काढलेली, मनगटाहून जाड काही नाही, गुलमोहर फक्त पेटवणीपुरता. त्याआधी त्या खणाच्या पायांवरच्या टोप्यांना आलेला गंज घासून रंग द्यायचा आहे, कारण लाकूड चढल्यावर तिथे हात पोहोचत नाही. झडपा यापुढे १५ मे रोजी बसतील, आभाळ कितीही निरभ्र असले तरी.